काळाचे भान आणि चित्ताचे स्वास्थ्य : भिक्खुसंघाच्या दिनचर्येचा एक ऐतिहासिक विचार

आजच्या नोकरदार, कष्टकरी आणि विद्यार्थी वर्गाच्या तोंडी एक तक्रार सतत ऐकू येते, ती म्हणजे वेळ पुरत नाही. कामे साचतात, साचलेल्या कामांची टोचणी लागते, त्या टोचणीने झोप उडते आणि झोप उडाल्याने दुसऱ्या दिवसाचे काम पुन्हा मागे पडते. या चक्रालाच आज आपण ताण म्हणतो. या ताणावर उपाय म्हणून वेळेच्या नियोजनाचा जो उपदेश केला जातो, तो बहुधा कारखानदारीच्या आणि व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेत असतो. त्यामुळे वेळेचे नियोजन ही आधुनिक यंत्रयुगाची देणगी आहे, असा समज रूढ झाला आहे. परंतु भारताच्या इतिहासात काळाचे नियमन करून चित्त स्वस्थ ठेवण्याचा दीर्घ प्रयोग भिक्खुसंघाने सुमारे दीड हजार वर्षे केला, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रयोगाचा आढावा घेण्याचा आणि आपल्या आजच्या जीवनाशी त्याचा संबंध तपासण्याचा आमचा हेतू आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या समाजातून आपण आलो, त्या समाजाचा वेळ शतकानुशतके त्याच्या मालकीचा नव्हता. म्हणून वेळेचा विचार हा आपल्या दृष्टीने केवळ सोयीचा विचार नाही, तो स्वातंत्र्याचा विचार आहे. या दृष्टीनेच आम्ही या विषयाकडे पाहणार आहोत.

दास्याची उपमा

दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात चित्ताला झाकोळणाऱ्या पाच नीवरणांना पाच उपमा दिल्या आहेत. कामच्छंदाला ऋणाची, व्यापादाला रोगाची, थीनमिद्धाला कारावासाची, उद्धच्चकुक्कुच्चाला दास्याची आणि विचिकिच्छेला संकटांनी भरलेल्या अरण्यमार्गाची उपमा तेथे येते. यांपैकी दोन नीवरणांचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. थीनमिद्ध म्हणजे चित्ताची व शरीराची जडता. उद्धच्च म्हणजे चित्ताची चंचलता, आणि कुक्कुच्च म्हणजे जे करावयाचे ते केले नाही व जे करू नये ते केले, याविषयीची मनातील रुखरुख.

कामाच्या ताणाखाली वावरणाऱ्या माणसाची अवस्था नेमकी हीच असते. आधी जडतेने काम टाळले जाते, मग टाळलेल्या कामाची रुखरुख लागते, आणि त्या रुखरुखीने चित्त एका कामावर न ठरता दहा कामांमागे धावते. या अवस्थेला सुत्तकारांनी दास्याची उपमा दिली, हे अर्थपूर्ण आहे. दास स्वाधीन नसतो, तो पराधीन असतो. त्याला इच्छेप्रमाणे जाता येत नाही. ज्याचे चित्त अस्वस्थ आहे त्याचीही स्थिती तशीच असते. तो कामाचा धनी नसतो, काम त्याचे धनी झालेले असते. या दास्यातून सुटण्याचा मार्ग भगवान बुद्धांनी केवळ उपदेशाने सांगितला नाही. त्यांनी त्यासाठी दिनचर्येची एक रचना उभी केली.

दिवस आणि रात्रीचे तीन याम

मज्झिमनिकायातील गणकमोग्गल्लान सुत्तात मोग्गल्लान नावाचा एक ब्राह्मण सावत्थीच्या पूर्वारामात भगवंतांना भेटतो. तो व्यवसायाने गणक, म्हणजे हिशेबनीस आहे. आपल्या विद्येत जसे क्रमाक्रमाने शिकविले जाते, तसे तुमच्या धम्मात काही क्रमिक शिक्षण आहे काय, असे तो विचारतो. भगवंत त्याला जो क्रम सांगतात त्यात शील, इंद्रियसंयम आणि आहारातील प्रमाण यांच्यानंतर जागृतीचा अभ्यास येतो. त्याची मांडणी अशी आहे. दिवसा चंक्रमण करीत आणि बसून चित्त शुद्ध करावे. रात्रीच्या पहिल्या यामातही तेच करावे. मधल्या यामात उजव्या कुशीवर सिंहशय्येने निजावे आणि निजताना उठण्याच्या वेळेची खूणगाठ मनाशी बांधावी. शेवटच्या यामात उठून पुन्हा चंक्रमण व ध्यान करावे.

रात्रीचे तीन याम म्हणजे आजच्या हिशेबाने साधारणपणे सायंकाळी ६ ते १०, रात्री १० ते २ आणि २ ते पहाटे ६ असे चार-चार तासांचे भाग होत. या रचनेत निद्रेला स्वतःचे स्थान दिलेले आहे. निद्रा ही कामातून चोरलेली वेळ नाही आणि काम हे निद्रेतून चोरलेले नाही. शिवाय उठण्याची वेळ मनाशी ठरवून झोपणे, ही सूचना किती व्यावहारिक आहे हे प्रत्येकाने अनुभवून पाहण्यासारखे आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपूरच्या महाविहारात राहून आचार्य बुद्धघोषांनी ज्या अट्ठकथा रचल्या, त्यांपैकी सुमंगलविलासिनीत भगवान बुद्धांच्या दिवसाचे पाच कृत्यांत विभाजन केलेले आहे. भोजनापूर्वीचे कृत्य, भोजनोत्तर कृत्य आणि रात्रीच्या तीन यामांची तीन कृत्ये, असे ते विभाजन होय. मधल्या यामाविषयी अट्ठकथेत जो अलौकिक भाग आहे तो बाजूला ठेवला, तरी उरलेला तपशील मननीय आहे. सकाळी एकांत, नंतर भिक्षाटन व भोजन, मग भिक्खूंना मार्गदर्शन, विश्रांती, दुपारनंतर लोकांना उपदेश, स्नान, पुन्हा एकांत आणि रात्रीच्या पहिल्या यामात भिक्खूंच्या शंकांचे निरसन, असा तो क्रम आहे. पंचेचाळीस वर्षे पायी फिरून असंख्य लोकांना भेटणाऱ्या महापुरुषाच्या दिवसात एकांतासाठी निश्चित जागा राखलेली होती. लोकांसाठीची वेळ आणि स्वतःसाठीची वेळ यांची सरमिसळ होऊ दिलेली नव्हती. ही वाटणीच या वर्णनातील महत्त्वाची गोष्ट होय, असे आम्हास वाटते.

अंगुत्तरनिकायात सत्पुरुषाच्या सात गुणांत कालज्ञता हा एक गुण गणला आहे. ही पाठाची वेळ, ही प्रश्न विचारण्याची वेळ, ही प्रयत्नाची वेळ आणि ही एकांताची वेळ, असे जो जाणतो तो कालज्ञ होय. कालज्ञतेची ही व्याख्या पाहिली म्हणजे लक्षात येते की, येथे वेळ भराभर संपविण्याचा विचार नाही. कोणत्या वेळी काय करावयाचे, आणि म्हणून काय करावयाचे नाही, याचा निवाडा येथे अभिप्रेत आहे.

पक्षगणना, नक्षत्रे आणि मुहूर्त

विनयपिटकातील महावग्गात एक साधी पण बोधप्रद हकीकत आहे. भिक्षेसाठी हिंडणाऱ्या भिक्खूंना लोक विचारीत की, आज पक्षाची कोणती तिथी आहे? भिक्खू म्हणत, आम्हास ठाऊक नाही. तेव्हा लोक कुरकुरू लागले की, ज्यांना पक्षाची गणनासुद्धा येत नाही त्यांना दुसरे काय चांगले येणार? ही गोष्ट कानी येताच भगवंतांनी पक्षगणना शिकण्याची अनुमती दिली, आणि ती कोणी शिकावी असा प्रश्न निघाला तेव्हा ती सर्वांनीच शिकावी, असे सांगितले. काळाचे ज्ञान एका पुरोहितवर्गाच्या हाती न ठेवता ते संघातील प्रत्येकास देण्यात आले, हे या नियमाचे मर्म होय.

चुल्लवग्गात अरण्यवासी भिक्खूंविषयी असाच एक नियम आहे. अरण्यात आलेल्या चोरांनी भिक्खूंना पाणी मागितले, अग्नी मागितला, नक्षत्र कोणते आणि दिशा कोणती असे विचारले. भिक्खूंजवळ यांपैकी काहीच नव्हते, तेव्हा चोरांनी त्यांना मारहाण केली. त्यावर नियम झाला की, अरण्यवासी भिक्खूने पिण्याचे पाणी व अग्नी ठेवावा, नक्षत्रांची स्थिती शिकावी आणि दिशांविषयी कुशल असावे.

येथे वाचकांनी एक भेद ध्यानात घ्यावा. नक्षत्रे शिकण्याची आज्ञा देणाऱ्या याच परंपरेत, नक्षत्रे पाहून शुभाशुभ सांगण्यावर उपजीविका करणे भिक्खूला वर्ज्य ठरविलेले आहे. ब्रह्मजाल सुत्तात अशा विद्यांची लांबलचक यादी देऊन त्यांचा निषेध केलेला आहे. नक्खत्त जातकात तर एका विवाहाची गोष्ट येते. नक्षत्र अनुकूल नाही, हा आजीवकाचा शब्द प्रमाण मानून वरपक्ष ठरलेल्या दिवशी गेला नाही, आणि वाट पाहून थकलेल्या वधूपक्षाने मुलगी दुसऱ्या घरी दिली. म्हणजे आकाशातील ताऱ्यांवरून रात्र किती झाली हे ओळखणे हे ज्ञान, आणि त्याच ताऱ्यांवरून आपले भाग्य ओळखू पाहणे हे अज्ञान. आपल्या समाजातील कित्येक घरांत आजही चांगला दिवस पाहण्यासाठी महत्त्वाची कामे अडून राहतात. चांगला दिवस कोणता, याचे उत्तर धम्माच्या दृष्टीने एकच आहे : ज्या दिवशी हाती घेतलेले योग्य काम पार पडते तो.

छायेचे मोजमाप

महावग्गात उपसंपदेच्या विधीचा एक तपशील फार महत्त्वाचा आहे. उपसंपदा होताच तत्काळ छाया मोजावी, ऋतू सांगावा, दिवसाचा कोणता भाग चालू आहे ते सांगावे, असा तेथे नियम आहे. छाया मोजावयाची ती उपसंपदेची नेमकी वेळ निश्चित करण्यासाठी. कारण संघात ज्येष्ठता ठरत असे ती उपसंपदेच्या काळावरून. एकाच दिवशी दोघांची उपसंपदा झाली, तर ज्याची आधी झाली तो ज्येष्ठ. जन्म, कुळ, वर्ण, संपत्ती यांपैकी कशाचाही त्यात विचार नव्हता.

चुल्लवग्गातील उपालीची कथा सर्वपरिचित आहे. शाक्य राजकुमार संघात येण्यास निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा नापित होता. राजकुमारांनी स्वतःच विनंती केली की, उपालीची प्रव्रज्या आमच्या आधी व्हावी, म्हणजे त्याला वंदन करताना आमचा शाक्यकुळाचा अभिमान गळून पडेल. त्याप्रमाणे उपाली आधी प्रव्रजित झाला आणि राजकुमार त्याच्याहून कनिष्ठ ठरले. पुढे हाच उपाली विनयधरांत अग्रगण्य झाला. काही क्षणांच्या अंतराने जन्मजात उच्चनीचतेला उलटे केले. काळाच्या मोजमापाचा समतेसाठी केलेला याहून समर्थ उपयोग आमच्या पाहण्यात नाही.

आता याच्या शेजारी दुसरे एक छायेचे मोजमाप ठेवून पाहावे. पेशवाईतील पुण्याविषयी अशी नोंद आढळते की, दुपारी ३ नंतर आणि सकाळी ९ पूर्वी महार-मांगांना शहराच्या वेशीच्या आत येण्याची बंदी होती. कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि ती सावली उच्चवर्णीयांच्या अंगावर पडण्याचा संभव असतो. तोच सूर्य, तीच सावली. संघाने तिच्यावरून माणसाची जन्मनिरपेक्ष ज्येष्ठता मोजली. जातिव्यवस्थेने तिच्यावरून माणसाची अस्पृश्यता मोजली. दिवसातील किती तास माणसाने कोठे असावे हे जेव्हा दुसरा ठरवितो, तेव्हा घड्याळ हे बंधनाचे साधन होते. तेच जेव्हा माणूस समतेच्या नियमाने स्वतः ठरवितो, तेव्हा ते मुक्तीचे साधन होते.

वर्षावास : वर्षाचे नियोजन

दिवसाप्रमाणेच वर्षाचेही नियोजन संघाने केले. पावसाळ्यातही भिक्खू फिरत राहतात, हिरवे गवत तुडवितात, बारीकसारीक जीवांना इजा करतात, अशी लोकांची तक्रार होती. त्यावरून आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. नऊ महिने चारिका आणि तीन महिने स्थिर वास, अशी वर्षाची विभागणी झाली. शेतकऱ्याच्या पेरणीच्या काळात भिक्खू त्याच्या वाटेतून दूर राहिला आणि भिक्खूला अध्ययनास व चिंतनास अवकाश मिळाला.

परंतु हा नियम कठोर नव्हता. आई-वडील आजारी असतील, एखादा सहकारी भिक्खू आजारी असेल, उपासकाने बोलावले असेल, तर सात दिवसांपर्यंत विहार सोडून जाण्याची मुभा होती. नियोजन हे माणसासाठी आहे, माणूस नियोजनासाठी नाही, हे या सवलतीवरून स्पष्ट होते. ज्या वेळापत्रकात आजारी आईसाठी जागा नाही ते वेळापत्रक ताण कमी करीत नाही, वाढवितेच.

वर्षावासाची चिंता भिक्खूस करावी लागू नये, यासाठी समाजाने केलेल्या तजविजीचा एक पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ आणि १००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. हिशेब करून पाहिल्यास २००० वर वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्खूंचे प्रत्येकी १२ याप्रमाणे २४० च होतात. एका पैचाही घोळ नाही. निश्चिंतपणे अध्ययन करता यावे यासाठी आधी निश्चित हिशेब करावा लागतो, हा धडा त्या पाषाणावर कोरलेला आहे.

नालंदातील घटिकापात्र

संघाच्या कालनियमनाचे सर्वांत तपशीलवार वर्णन चिनी भिक्खू इ-त्सिंग याने केले आहे. इ. स. ६७१ मध्ये तो चीनमधून निघाला, ६७३ मध्ये ताम्रलिप्तीस पोहोचला आणि पुढे नालंदा महाविहारात त्याने सुमारे दहा वर्षे अध्ययन केले. त्या काळी नालंदात ३००० हून अधिक भिक्खू राहत होते. एवढ्या मोठ्या समुदायाचा दिनक्रम चालत असे तो घटिकापात्राच्या आधारे. पाण्याने भरलेल्या मोठ्या तांब्याच्या भांड्यात तळाला सुईच्या अग्राएवढे छिद्र असलेली पातळ तांब्याची वाटी सोडीत. छिद्रातून पाणी आत शिरून वाटी भरली की ती बुडे. पूर्वी आपल्याकडे लग्नघरी घंगाळात जे घटिकापात्र सोडीत, त्याच जातीचे हे साधन होय. फरक एवढाच की, तेथे ते मुहूर्तासाठी नव्हते, अध्ययनासाठी होते.

पहाटेपासून वाटी पहिल्यांदा बुडाली की नगाऱ्यावर एक ठोका, दुसऱ्यांदा बुडाली की दोन, तिसऱ्यांदा तीन. चौथ्यांदा बुडाली की चार ठोके, शंखाचे दोन नाद आणि वर आणखी एक ठोका. हा पहिला प्रहर. आणखी चार वेळा वाटी बुडाली की मध्यान्ह होई. मध्यान्हाचा ठोका झाल्यावर भोजन वर्ज्य होते. दुपारनंतर दोन प्रहर आणि रात्रीचे चार, असे अहोरात्रीचे आठ प्रहर मोजले जात. आकाश ढगांनी भरलेले असले तरी या साधनामुळे मध्यान्हाविषयी चूक होत नसे, असे इ-त्सिंग नमूद करतो. महाबोधी आणि कुशीनगर येथील विहारांत वाटीचे माप वेगळे होते. तेथे सकाळपासून मध्यान्हापर्यंत ती सोळा वेळा बुडे.

स्नानाची वेळ झाल्याची सूचना सकाळी घंटेने होई. विहाराच्या आसपास दहापेक्षा अधिक तलाव होते आणि भिक्खू तेथे स्नानास जात. सायंकाळची वंदना एकाच जागी करणे संख्येमुळे अवघड होते, म्हणून एक गायक भिक्खू एका दालनातून दुसऱ्या दालनात वंदना म्हणत जाई. सकाळी आणि दुपारनंतर चंक्रमण केल्याने रोग दूर होतात व अन्न पचते, असेही इ-त्सिंगने लिहिले आहे. अध्ययनाच्या एवढ्या मोठ्या केंद्रात शरीराच्या स्वास्थ्यासाठी वेळ राखून ठेवलेला होता, ही गोष्ट परीक्षेच्या दिवसांत जेवणखाण सोडून पुस्तकांवर वाकलेल्या आपल्या मुलामुलींनी विसरू नये.

या वर्णनातील आणखी दोन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. रात्री घंटा वाजविण्याचे काम सेवकांवर न टाकता ते कर्मदान नावाच्या अधिकारी भिक्खूकडे ठेवलेले होते. ही संघाच्या न्यायबुद्धीची खूण होय. परंतु घटिकापात्रे आणि त्यांवर लक्ष ठेवणारी मुले ही दोन्ही राजांनी दिलेली देणगी होती, असेही इ-त्सिंग सांगतो. हजारो विद्यार्थ्यांचा वेळ ज्या मुलांच्या जागरणावर मोजला गेला, त्यांच्या स्वतःच्या वेळेचा हिशेब कोणी ठेवला नाही. इतिहासाचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवणे आपल्याला शोभणार नाही.

वीणेची तार आणि भुकेला शेतकरी

नियमाचा अतिरेक झाला की तोही ताणाचे कारण होतो, हे भगवंतांनी ओळखले होते. सोण कोळिविस हा श्रीमंत घरातील तरुण राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण करताना एवढा झटला की त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तरीही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले की, तारा फार ताणलेल्या असताना वीणा चांगली वाजते काय, आणि फार सैल असताना वाजते काय? दोन्ही वेळा उत्तर नकारार्थीच होते. मग प्रयत्नातही तशीच समता राख, असे त्यांनी सोणाला सांगितले. आजच्या भाषेतील ताण या शब्दातही ताणण्याचाच अर्थ आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या उपमेचे औचित्य अधिक पटते.

धम्मपद अट्ठकथेत आळवीच्या एका दरिद्री शेतकऱ्याची हकीकत आहे. त्याचा बैल हरवला होता. बैल शोधून, दमून-भागून, उपाशीपोटी तो धम्म ऐकण्यास आला. भगवंत तीस योजने चालून त्याच्यासाठीच आले होते. तो येईपर्यंत त्यांनी उपदेश थांबविला, आल्यावर त्याला आधी जेवू घालण्यास सांगितले आणि मगच धम्म सांगितला. सभेची ठरलेली वेळ एका भुकेल्या माणसासाठी थांबली. पोटात भूक असताना उपदेश मनात उतरत नाही, हे जाणणे म्हणजेच खरी कालज्ञता.

वतनाचा वेळ, गिरणीचा वेळ

या शेतकऱ्याच्या कथेपासून आपल्या अलीकडच्या इतिहासाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. महार वतनाच्या पद्धतीत वतनदार महाराने सरकारी व गावकीचे काम कोणत्या वेळी करावे याला मर्यादा नव्हती. दिवस असो की रात्र, ऊन असो की पाऊस, बोलावणे आले की निघावे लागे. तो स्वतः नसेल तर घरातील दुसऱ्या माणसास जावे लागे. १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेस कायदेशीर बैठक दिली होती. १९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्यामागे चोवीस तासांच्या या बांधिलकीतून माणसाला सोडविण्याची तळमळ होती. ही वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. सामञ्ञफल सुत्तातील दासाचे वर्णन आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

गावातून सुटून जे मुंबईच्या गिरण्यांत आले त्यांच्या वाट्याला भोंग्याचा वेळ आला. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाच्या वेळेची मर्यादा या त्यातील मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. आज आपण विहारात रविवारी एकत्र येतो, तो रविवार कामगारांनी झगडून मिळविलेला आहे.

पुढे १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची, १९२२ मध्ये आठवड्याला ६० तासांची आणि १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ तासांची मर्यादा आली. जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यातील कामगारांना पगारी रजेचा कायदा झाला आणि १९४६ साली आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले.

बाबासाहेबांनी हे का केले, याचे तात्त्विक उत्तर त्यांच्या काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले या विषयावरील १९४५ च्या ग्रंथात सापडते. यंत्रांचा विरोध करणाऱ्या विचाराला उत्तर देताना त्यांनी फुरसतीचा मुद्दा मांडला आहे. त्याचा आशय असा की, पशू आणि माणूस यांतील भेद संस्कृतीचा आहे, आणि फुरसतीवाचून संस्कृती शक्य नाही. शरीराच्या गरजा भागविण्यातच ज्याचा सारा दिवस जातो त्याला मनाची मशागत करता येत नाही. म्हणून श्रम कमी करणारे यंत्र हवे आणि त्यातून मिळणारी फुरसत सर्वांना मिळावयास हवी. फुरसत हा ऐदीपणा नसून माणूसपणाचा पाया आहे, हा विचार आणि संघाच्या दिनचर्येत एकांताला दिलेले स्थान यांत आम्हाला एकच सूत्र दिसते.

बाबासाहेबांचे स्वतःचे विद्यार्थिजीवनही येथे आठवावे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. दिवसा तेथे अभ्यासाला शांतता मिळणे कठीण होते. चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे की, मुलगा लवकर झोपे, वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून स्वतः झोपत, आणि मुलगा रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास करी. रात्री दोन म्हणजे शेवटच्या यामाचा आरंभ. जागा नव्हती, तेव्हा पित्याने वेळेची वाटणी करून मुलासाठी जागा निर्माण केली. मात्र या जागरणामागे आधीची झोप होती हे विसरता कामा नये. पुढील आयुष्यात अविश्रांत परिश्रमांनी बाबासाहेबांचे शरीर खचले, आणि त्या परिश्रमांची फळे आपण भोगीत आहोत. त्यांच्या ज्ञाननिष्ठेचे अनुकरण करताना शरीराची हेळसांड हा आदर्श मानू नये.

आपल्यासाठी बोध

या इतिहासातून आपल्या व्यवहारासाठी काही गोष्टी निश्चितपणे निघतात. दिवसाचे मोठे भाग पाडावेत आणि प्रत्येक भागाचे मुख्य काम एकच ठेवावे. मिनिटामिनिटाची आखणी वीणेची तार तुटेपर्यंत ताणते. झोपण्याची वेळ आणि उठण्याची खूणगाठ ठरलेली असावी. दिवसातून एकदा, मग तो अर्धा तास का असेना, चंक्रमणासाठी किंवा आनापानासाठी राखावा आणि त्या वेळी भ्रमणध्वनी दूर ठेवावा. सिगालोवाद सुत्तात आळशी माणसाची सहा निमित्ते सांगितली आहेत : फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार उशीर झाला, अजून फार लवकर आहे, फार भूक लागली, फार जेवण झाले. यांपैकी आपण रोज कोणते निमित्त वापरतो, हे प्रत्येकाने तपासावे. संघात जसा दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी आचरणाचा आढावा घेतला जाई, तसा राहिलेल्या कामांचा आढावा पंधरा दिवसांतून एकदा घ्यावा. जे राहिले ते लिहून काढले आणि त्याला दिवस नेमून दिला की, त्याची रुखरुख निम्मी होते.

परंतु हा विचार केवळ व्यक्तीपुरता ठेवून चालणार नाही. ज्या स्त्रीचा दिवस पहाटे पाणी भरण्यापासून सुरू होतो आणि सर्वांची जेवणे उरकल्यावर संपतो, तिला वेळेच्या नियोजनाचा उपदेश करणे हा अन्याय आहे. तिच्या कामातील वाटा घरातील पुरुषांनी व मुलांनी उचलला, तरच तिच्या वाट्याला तिचा याम येईल. नालंदातील घटिका पाहणाऱ्या मुलांची आठवण येथे ठेवावी. आपला वेळ दुसऱ्याच्या जागरणावर उभा नाही ना, हा प्रश्न प्रत्येक सुखी घराने स्वतःस विचारला पाहिजे. त्याचप्रमाणे कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी यांच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या असतील, तर त्यांचा ताण ध्यानाने नव्हे, कायद्याच्या अंमलबजावणीने आणि संघटनेनेच कमी होईल.

विहारांना या बाबतीत पुष्कळ करता येण्यासारखे आहे. कार्यक्रम जाहीर केलेल्या वेळी सुरू होणे आणि जाहीर केलेल्या वेळी संपणे, ही श्रोत्यांच्या वेळेविषयीची पहिली करुणा होय. पहाटे व सायंकाळी ठराविक तास अभ्यासासाठी विहार उघडे ठेवले, तर एका खोलीत राहणाऱ्या कित्येक मुलांना स्वतःचा शेवटचा याम सापडेल. वर्षावासाच्या तीन महिन्यांत एका ग्रंथाचे वाचन पूर्ण करण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ आहे. जेथे नाही तेथे ती सुरू व्हावी.

ज्यांची सावली मोजून त्यांना वेशीबाहेर ठेवले गेले, त्यांच्या वंशजांनी आपला दिवस स्वतः मोजून स्वतः वापरावा, यात इतिहासाचा एक मोठा न्याय आहे. घड्याळ आता आपल्या हाती आहे. त्याचे दास न होता आणि दुसऱ्या कोणाला आपल्या वेळेचे दास न करता जगता आले, तर कालज्ञ या शब्दाचा अर्थ आपण आचरणात आणला असे म्हणता येईल.